जैसलमेरचा किल्ला आणि वळलेल्या वाटा

राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात उभ्या असलेल्या जैसलमेरच्या किल्ल्याला उतरती कळा का लागली, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वर्णनांत वाळू, दुष्काळ आणि काळाचा महिमा यांवर सोपवून दिलेले आढळते. परंतु वाळू आणि दुष्काळ ही दोन्ही त्या नगरीच्या जन्माच्या आधीपासूनची होती आणि त्यांच्याच सोबतीने ती जवळजवळ सात शतके श्रीमंत राहिली, ही गोष्ट या उत्तरात बसत नाही. जैसलमेर हे जमिनीच्या उत्पन्नापेक्षा वाटेच्या उत्पन्नावर जगणारे राज्य होते. आणि ती वाट वळवणारे निर्णय वाळवंटात नव्हे, तर मुंबईच्या अफूविषयक कारभारात, सिंधच्या रणांगणावर आणि पुढे फाळणीच्या नकाशावर झाले. म्हणून या किल्ल्याचा इतिहास तटबंदीपेक्षा जकातीच्या आणि मालवाहतुकीच्या अंगाने वाचणे अधिक फलदायी ठरते.

भाटी राजपुतांची आधीची राजधानी लोद्रवा ही आजच्या शहराच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरांवर, मोकळ्या मैदानात होती. परंपरेनुसार रावळ जैसल याने ११५६ मध्ये ती सोडून त्रिकूट नावाच्या, सुमारे ७६ मीटर उंचीच्या टेकडीवर नवा किल्ला वसवला आणि त्याच्याच नावावरून राज्याला नाव मिळाले. स्थानिक पिवळ्या दगडात बांधलेल्या या तटाला ९९ बुरूज असून त्यांपैकी ९२ बुरूज १६३३ ते १६४७ या काळात उभारले किंवा नव्याने बांधले गेले, ही नोंद विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ती वर्षे शाहजहानच्या कारकिर्दीतील होती, जैसलमेर मुघलांचे मांडलिक होते आणि दाराशी शत्रूचा वेढा नव्हता. तरीही एवढे प्रचंड बांधकाम हाती घेण्याइतका पैसा राज्याजवळ होता. आज किल्ल्याची जी आकृती सोनेरी उन्हात दिसते, ती मुख्यतः या शांततेच्या आणि चालू व्यापाराच्या काळातील आहे.

व्यापाराची रचना भूगोलाने ठरवून दिलेली होती. पश्चिमेला मुलतान, शिकारपूर, रोहडी आणि ठठ्ठा ही सिंधूच्या खोऱ्यातील शहरे, तर पूर्वेला मारवाडातील पाली ही मोठी बाजारपेठ. या दोहोंमधील वाळवंट ओलांडताना उंटांच्या तांड्यांना पाणी, चारा, रात्रीचा आसरा आणि लुटारूंपासून संरक्षण लागे. हे सारे जैसलमेर पुरवी आणि त्याच्या मोबदल्यात दाण, म्हणजे राज्याच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावरची जकात, वसूल करी. पश्चिमेकडून सुका मेवा, खजूर आणि घोडे येत, तर पूर्वेकडून अफू, नीळ, साखर आणि कापड जाई. या व्यवस्थेचा पाया पाण्याचा होता. पावसाचे वार्षिक प्रमाण सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या या मुलखात शहरालगतचा गडीसर तलाव चौदाव्या शतकात रावळ गडसी याने नव्याने बांधून काढला, आणि आसपासच्या गावांतील पालीवाल ब्राह्मणांनी खडीन शेती नावारूपाला आणली. खडीन म्हणजे खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाआड अडवून ते जमिनीत मुरू द्यायचे आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभऱ्याचे पीक घ्यायचे. वाळवंटाच्या मधोमध असे धान्य पिकत होते, म्हणून तेथे बाजार टिकत होता.

युद्धांच्या आठवणी या किल्ल्याला नाहीत असे नाही. चारणांच्या परंपरेत येथील ‘अडीच साके’ प्रसिद्ध आहेत. साका म्हणजे पराभव अटळ दिसताच स्त्रियांनी जोहार करणे आणि पुरुषांनी दरवाजे उघडून मरणाच्या निश्चयाने लढणे. पहिला साका अलाउद्दीन खिलजीच्या आणि दुसरा तुघलकांच्या सैन्यापुढे झाल्याचे सांगतात, तर सोळाव्या शतकातील तिसऱ्या प्रसंगी जोहाराला अवधीच न मिळाल्यामुळे तो अर्धा मानला जातो. अठराव्या शतकात मात्र दुर्गमता हाच या राज्याचा मोठा तट ठरला. शिंदे-होळकरांच्या फौजांनी जयपूर, जोधपूर, उदयपूर या दरबारांकडून खंडणी वसूल केली, पण मराठ्यांच्या स्वाऱ्यांची झळ जैसलमेरला लागली नाही. डिसेंबर १८१८ मध्ये महारावळ मूलराज याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, तेव्हा राजपुतान्यात कंपनीशी तह करणाऱ्या अखेरच्या राज्यांमध्ये जैसलमेरची गणना होत होती.

या तहानंतरच्या पंचवीस वर्षांत जे घडले, ते या किल्ल्याच्या आर्थिक इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. माळव्यात पिकणारी अफू चीनला जाई आणि तिच्यावर कंपनीला आपली मक्तेदारी हवी होती, परंतु माळवा संस्थानिकांच्या ताब्यात असल्याने बंगालप्रमाणे तेथील लागवडच हातात घेणे तिला शक्य नव्हते. व्यापाऱ्यांनी कंपनीच्या मुलखाला पूर्ण वळसा घालणारा मार्ग काढला. माळव्यातून पाली, तेथून वाळवंटातून जैसलमेर, पुढे तालपूर अमिरांच्या ताब्यातील सिंधमधून कराची, आणि कराचीहून जहाजाने पोर्तुगीजांचे दमण, असा हा लांबचा प्रवास होता. दमणच्या या व्यापारात मुंबईत स्थायिक झालेले गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया यांच्यासारख्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. शेकडो कोस उंटाच्या पाठीवर माल नेणे परवडत होते, यावरूनच त्यातील नफ्याची कल्पना येते.

कंपनीने अखेर १८३० च्या सुमारास परवान्याची पद्धत सुरू केली, म्हणजे ठरावीक शुल्क भरणाऱ्याला आपली अफू थेट मुंबई बंदरातून पाठवण्याची मुभा दिली. हे शुल्क सुमारे १४० पौंडांच्या एका पेटीमागे १७५ रुपये होते. तरीही वाळवंटातील वाहतूक आटेना, तेव्हा १८३५ मध्ये ते १२५ रुपयांवर आणावे लागले. जैसलमेरमार्गे जाणारा उंटांचा तांडा मुंबईच्या सरकारला आपला दर उतरवायला भाग पाडत होता, असा या आकड्याचा सरळ अर्थ आहे. पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली आणि १८४३ मध्ये मियानीच्या लढाईनंतर सिंध प्रांत खालसा केला. त्याच वर्षी परवान्याचे शुल्क २०० रुपये, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४०० रुपये करण्यात आले. पर्यायी वाट बंद होताच शुल्क चार वर्षांत दुप्पट झाले. जैसलमेरच्या ऱ्हासाला एखादी तारीख द्यायचीच असेल, तर ती दुष्काळाची नव्हे, या दरवाढीची द्यावी लागेल.

ऱ्हासाच्या या उंबरठ्यावरच शहरातील सर्वांत देखण्या वास्तू उभ्या राहिल्या, ही वस्तुस्थिती प्रथमदर्शनी कोड्यात टाकते. गुमानचंद बाफना या पटव्याने, म्हणजे जरीकाम आणि जरतारी कापडाच्या व्यापाऱ्याने, १८०५ च्या सुमारास किल्ल्याखालच्या वस्तीत आरंभलेल्या आणि पाच मुलांसाठी पाच अशा बांधल्या गेलेल्या ‘पटव्यांच्या हवेल्या’ पूर्ण होण्यास अर्धशतक लागले. दिवाण नथमल याची हवेली तर १८८५ ची आहे. कोड्याचा उलगडा असा की या घराण्यांचे उत्पन्न तोवर जैसलमेरच्या बाजारावर अवलंबून उरलेले नव्हते. सावकारी, हुंड्या आणि अफूच्या व्यवहारासाठी त्यांच्या पेढ्या माळवा, कोटा आणि मेवाडमध्ये होत्या, आणि घर तेवढे गावी बांधले जात होते. गुमानचंदांचा मुलगा जोरावरमल याला १८१८ मध्ये कंपनीचा राजपुतान्यातील प्रतिनिधी कर्नल टॉड याच्या सूचनेवरून उदयपूरच्या दरबाराने बोलावून घेतले, आणि याच घराण्यातील सर सिरेमल बाफना विसाव्या शतकात इंदूरच्या होळकर संस्थानाचे पंतप्रधान झाले. जैसलमेरने भांडवल आणि माणसे दोन्ही घडवली, परंतु त्यांना सामावून घेईल असा व्यापार नंतर त्याच्याजवळ उरला नाही.

राज्यकारभारानेही या गळतीला हातभार लावला. मूलराजाच्या काळात सर्व सत्ता हाती घेतलेला आणि १८२४ मध्ये मारला गेलेला दिवाण सालिमसिंह मेहता याने केलेल्या पिळवणुकीचे कडक वर्णन टॉडने केले असून, पालीवालांसारखे कष्टाळू लोक देश सोडून जात असल्याची नोंदही त्याने ठेवली आहे. कुलधरासह पालीवालांची गावे एका रात्रीत ओस पडली, ही कथा आज पर्यटकांना आवडीने सांगितली जाते. तिच्यापेक्षा वाढते कर, आटते पाणी आणि मंदावलेला व्यापार यांमुळे झालेले स्थलांतर अधिक विश्वसनीय वाटते. परंतु खडीन राखणारे हात गेले की तांड्यांना लागणारे धान्यही गेले, हा परिणाम दोन्ही वृत्तांतांत सारखाच राहतो.

किल्ल्याने केवळ मालच सांभाळला असे नाही. व्यापारावर श्रीमंत झालेल्या जैन समाजाने पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथे मंदिरे बांधली आणि जिनभद्रसूरींच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथभांडार त्यांच्या तळघरात जतन केला. दुर्गम स्थान आणि कोरडी हवा यांमुळे ताडपत्रे तेथे शतकानुशतके टिकली. मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यात असलेले जॉर्ज ब्यूलर १८७४ च्या आरंभी हेर्मान याकोबी यांच्यासह तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना बिल्हणाच्या ‘विक्रमाङ्कदेवचरित’ या काव्याची पोथी सापडली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ते छापून निघाले. काश्मिरी कवीने रचलेले, कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याचे हे चरित्र, म्हणजे दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन, थरच्या वाळवंटातून हाती यावे, यावरून या ठिकाणाची पोहोच आणि त्यावरचा विश्वास यांचे मोजमाप मिळते.

पुढचा काळ वेगाने सांगता येतो. १८६१ मध्ये कराची ते कोटरी हा लोहमार्ग सुरू झाला आणि सिंधूच्या खोऱ्यातील माल थेट बंदराकडे वाहू लागला; १९०० च्या सुमारास मारवाड आणि सिंध यांना जोडणारा लोहमार्गही झाला, पण तो बाडमेरवरून, म्हणजे जैसलमेरच्या बऱ्याच दक्षिणेकडून गेला. त्याच सुमारास, विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ आला. राज्याची लोकसंख्या १८९१ मध्ये १,१५,७०१ होती, ती १९०१ मध्ये ७३,३७० वर आली आणि शहरात अवघी ७,१३७ माणसे उरली. दुष्काळ या मुलखाने पूर्वीही सोसले होते. या वेळी मात्र वाट चालू राहिली असती तर मिळाला असता तो रोजगार आणि बाहेरून येणारे धान्य, दोन्ही नव्हते. १९४७ मध्ये सीमा आखली गेली आणि पश्चिमेकडे उरलासुरला व्यवहारही थांबला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर सीमेच्या गरजेने रस्ते, रेल्वे आणि सैन्य आले, आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक आले.

किल्ल्यात आजही काही हजार माणसे राहतात, आणि त्यांच्यामुळेच तो २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांमध्ये वेगळा उठून दिसतो. पूर्वी गडीसरचे पाणी डोक्यावरून वर येई, म्हणून ते जपून वापरले जाई, आणि पावसाचे पाणी ‘घूट नाली’ नावाच्या उतारांच्या जाळ्यातून तटाबाहेर जाई. नळाचे पाणी आल्यावर, आणि विशेषतः घरांची अतिथिगृहे झाल्यावर, सांडपाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरू लागले. बुरूज सरकले, तटाचे काही भाग कोसळले, आणि १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने किल्ल्याचा समावेश धोक्यातील वास्तूंच्या यादीत केला. वस्ती हलवून किल्ला रिकामा करावा, असा एक उपाय वेळोवेळी सुचवला जातो. तो स्वीकारण्याआधी सांडपाण्याच्या वाहिन्या नीट घालणे, अतिथिगृहांच्या पाणीवापरावर मर्यादा आणणे आणि बुजलेले जुने उतार मोकळे करणे ही कामे पुरी व्हायला हवीत, कारण या किल्ल्याची घडण आरंभापासून राहत्या आणि व्यापार करत्या माणसांसाठीच झालेली आहे.