उन्हात पिकलेली वाइन

वाइन म्हटलं की जाणकार लोक पहिला नियम सांगतात तो थंडाव्याचा. तळघर, अंधार, बारा-तेरा अंश तापमान वगैरे. आता शहाडच्या वन-बीएचकेत तळघर कुठून आणायचं? एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो, आणि फ्रिजमध्ये दारूची बाटली ठेवायला आमच्या मातोश्रींची परवानगी नाही. त्यामुळे ऑफिसातल्या एकाने लिस्बनहून दहा वर्षं मुरलेल्या माल्मसी मदेराची बाटली आणली, ती सरळ माळ्यावर गेली. मजा म्हणजे या वाइनसाठी माळा हीच योग्य जागा आहे!

मदेरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगीज बेट, फुंशाल त्याचं मुख्य बंदर. ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानकडे निघालेली जहाजं इथे थांबायची आणि वाइनची पिंपं भरून घ्यायची. मग आफ्रिकेला वळसा. मुंबईपर्यंत येताना विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागे. ती पिंपं कित्येक महिने जहाजाच्या पोटात उकडत, हिंदकळत पडलेली असायची. साधी वाइन असती तर तिचा शिर्का झाला असता. पण मदेरा मुळात चांगलीच आंबट, आणि अठराव्या शतकात तिच्यात द्राक्षाचा कडक मद्यार्क मिसळायची पद्धत रूढ झाली. आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना तो घातला की यीस्ट थंडावतं आणि द्राक्षातली साखर तशीच राहते. झाली गोड वाइन.

ही गोड, कडक, आंबट वाइन हिंदुस्थानात पोचेपर्यंत आधीपेक्षा चांगली व्हायची. हे लक्षात आल्यावर व्यापाऱ्यांनी काय केलं असेल? काही पिंपं न विकता तशीच परत युरोपात नेली! अशा फेरी मारून आलेल्या वाइनला पोर्तुगीजमध्ये ‘व्हिन्यो दा रोडा’ म्हणत आणि तिला भाव जास्त मिळे. म्हणजे आपल्या उकाड्याला चक्क बाजारभाव होता.

माणसांचं मात्र उलट होतं. जॉन ओव्हिंग्टन नावाचा जहाजावरचा पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघाला, वाटेत मदेराला थांबला आणि १६९० मध्ये मुंबईला पोचला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ साली छापलं गेलं. त्यात तो लिहितो, की मुंबईत माणसाचं आयुष्य म्हणजे दोन पावसाळे, अशी म्हणच तिथे पडली आहे. तापाने आणि हगवणीने साहेबलोक पटापट जात होते. ज्या हवेने पिंपातली वाइन सुधारायची, ती पिणारा मात्र तिसरा पावसाळा बघेल याची खात्री नव्हती. मला या सगळ्या कथेत हेच सर्वांत अंगावर येतं.

(जाता जाता: आमच्या शेजारच्या कल्याणला परदेशी वाइन त्याच्याही सोळाशे वर्षं आधी ठाऊक असावी, असा माझा तर्क. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि भडोचला येणाऱ्या मालात इटलीची वाइन पहिल्या पसंतीची म्हणून नोंदली आहे. असो.)

पुढे लोकांना शहाणपण सुचलं, की उष्णताच हवी तर जहाज कशाला? अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच वाइन तापवायच्या खोल्या आल्या. आज साधी मदेरा टाकीत निदान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर ठेवतात. चांगली मदेरा मात्र लाकडी पिंपांत, छपराखालच्या गरम माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असते. (मातोश्रींना हे ऐकवलं. उपयोग झाला नाही.) १८५० च्या दशकात भुरी, १८७२ मध्ये फायलोक्सेरा हा मुळं खाणारा कीटक आणि त्याआधी १८६९ मध्ये सुएझ कालवा, यांनी त्या बेटाचा धंदा पार बसवला. कालव्यातून जाणाऱ्या जहाजांना मदेराला थांबायचं कारणच उरलं नाही.

आता चवीबद्दल. रंग काकवीसारखा. वास जळक्या साखरेचा, अक्रोडाचा, आणि मागे एक ओळखीचा वास जो मला पटकन सापडेना. तो मेथीचा निघाला! ही कविकल्पना नाही हं. सोटोलॉन नावाचं एक रसायन मुरलेल्या मदेरात तयार होतं, आणि मेथीच्या दाण्यांचा खास वास त्याच रसायनाचा असतो.

मग काय, थंडीत आईने केलेले मेथीचे लाडू डब्यात होतेच. जोडी अशी जमली की विचारू नका. गूळ, सुकं खोबरं, तूप आणि मेथीचा कडूपणा. वर ही आंबटगोड वाइन, जी तुपाचा ओशटपणा धुऊन टाकते. पुस्तकी नियम असा, की वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती पाणचट लागते. म्हणून श्रीखंडाबरोबर ती पार पडली. पुरणपोलीबरोबर ठीक, जायफळाची मदत झाली. गोव्याच्या बेबिंकाबरोबर उत्तम. नारळाचं दूध, अंड्याचा बलक आणि थरांवरचा तो भाजका रंग, सगळं जुळतं. खारवलेल्या काजूंबरोबरही छान, पण लाडवांची सर नाही.

उघडलेली बाटली महिनोन्महिने टिकते. जे बिघडायचं ते आधीच बिघडवून घेतलेलं असतं ना! आमची अर्धी शिल्लक आहे, माळ्यावर, पंचांगांच्या गठ्ठ्यामागे.