हुतुतूचा विद्यापीठप्रवेश : कालनिर्णयाचा विचार

कारंजा तालुक्यांतील धनजसारख्या वऱ्हाडी गांवांत हुतुतूस भुईवरील एक रेघ आणि दोहों बाजूंस गडी एवढी सामग्री पुरते. जो खेळ खर्चाशिवाय होतो तो मागें कागदही फारसे ठेवीत नाहीं. त्यामुळें त्याच्या विद्यापीठीय अजिंक्यपदाचा काळ ठरवितांना गफलत होते. त्यांतील सर्वांत मोठी १९३६ ची. त्या सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळ दाखविले, त्यांत हुतुतूही होता. तें प्रात्यक्षिक होतें, पदकाचा सामना नव्हे. तथापि हुतुतू ऑलिंपिकमध्यें खेळला गेला, असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

अजिंक्यपदास आधीं एकच नियम लागतो, आणि अडचण तेथेंच होती. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद गडी पुन्हा उठतो. गामिनींत सर्व गडी बाद होईपर्यंत कोणी उठत नाहीं. अमरमध्यें बाद झालेला मैदान सोडीतच नाहीं, केवळ गुण मोजतात. या तीन रीतींचे संघ समोरासमोर आले तर निकाल कोणता धरावा? १९२३ सालीं बडोद्यास नियमबद्ध अखिल भारतीय सामने झाले, १९५० सालीं कबड्डी या नांवानें अखिल भारतीय महासंघ निघाला, आणि विद्यापीठांच्या क्रीडामंडळानें हा खेळ स्वीकारला तो १९६१ सालीं. संजीवनीच शेवटीं टिकली.

ब्रिटनचा दाखला येथें उद्बोधक आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं अमेरिकन फुटबॉल १९८० नंतरच्या दशकांत उचलला. नियम अमेरिकेंतून तयार आले होते. तरीही विद्यापीठांच्या सामायिक क्रीडासंस्थेनें त्याच्या स्पर्धा आपल्या छत्राखालीं घेतल्या त्या २०१२ सालीं. तेव्हां छापील नियम हातीं असले म्हणजे विद्यापीठें लगेच मान तुकवितात, ही समजूतही टिकत नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. धनजच्या परिसरांतील खेळाडूचें विनातारखेचें प्रशस्तिपत्र हातीं आल्यास शिरोलेख पाहावा. नागपूर विद्यापीठ १९२३ चें, अमरावतीचें १९८३ चें. 'जिल्हा वाशीम' असें असल्यास तें १ जुलै १९९८ नंतरचें धरावें; मधल्या काळांत तो भाग अकोला जिल्ह्यांत होता. १९०५ पूर्वीही वाशीम नांवाचा जिल्हा होता, परंतु त्या काळीं अशीं प्रशस्तिपत्रें कोण देणार! 'हुतुतू' हा शब्द मात्र पुराव्यास कच्चा. कबड्डी हें नांव रूढ झाल्यावरही तो कित्येकांच्या तोंडीं राहिला.