‘दीक्षा’ शब्दाचा प्रवास

दीक्षा म्हणजे संस्कार की प्रारंभ, असा प्रश्न वैदिक याज्ञिकाला पडला नसता. सोमयागाच्या आरंभी होणाऱ्या इष्टीचे नावच ‘दीक्षणीया’ असे आहे. ऐतरेय ब्राह्मणाच्या प्रारंभीच्या अध्यायात या विधीचा उलगडा केला आहे. यजमान ज्या मंडपात बसतो तो मंडप म्हणजे योनी, त्याचे वस्त्र म्हणजे गर्भवेष्टन, कृष्णाजिन म्हणजे वार, आणि गर्भातील बालकाच्या मुठी मिटलेल्या असतात म्हणून दीक्षिताच्याही मुठी मिटलेल्या. ही दीक्षा आजन्म टिकणारी नव्हे; यागसमाप्तीच्या अवभृथस्नानाने ती संपते. मात्र तेवढ्या काळापुरता दीक्षित, मग तो राजन्य असो वा वैश्य, ‘ब्राह्मण’ म्हणूनच घोषित केला जावा, असे शतपथ ब्राह्मण सांगते. कारण त्याचा हा जन्म यज्ञापासून झालेला असतो.

गर्भाचे हेच रूपक अथर्ववेदाच्या ब्रह्मचारिसूक्तात उपनयनाला लाविलेले आढळते. तेथे आचार्य शिष्याला तीन रात्री उदरात धारण करितो. परंतु उपनयनाचे परिणाम आजन्म टिकणारे होते, आणि त्याला गृह्यसूत्रांनी वर्णपरत्वे वयाची मर्यादा घातली. ब्राह्मणाला सोळा, क्षत्रियाला बावीस व वैश्याला चोवीस वर्षे. त्यापुढे मनुष्य ‘पतितसावित्रीक’ ठरे. चौथ्या वर्णाला तर हे द्वार मुळातच बंद होते. (मराठीने ‘उपनयन’ हा शब्द पोथीपुरता ठेवून कमरेच्या मुंजगवतावरून ‘मुंज’ हा शब्द रूढ केला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.)

या मर्यादेचा राजकीय अर्थ 1674 साली स्पष्ट झाला. वेदोक्त राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांचे मौंजीबंधन करावे लागले. त्या वेळी त्यांचे वय बाविसाच्या कितीतरी पुढे, चाळिशी ओलांडलेले होते. स्वपराक्रमाने राज्य स्थापन करणाऱ्या पुरुषालाही सिंहासनापर्यंत जाण्यासाठी बटूच्या विधीतून जावे लागले, यावरून संस्काराच्या अधिकाराची पकड किती घट्ट होती याची कल्पना येते.

‘दीक्षा’ शब्दाला सर्वस्वी निराळे वळण मिळाले ते नागपूर येथे, 14 ऑक्टोबर 1956 रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रथम महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना ती स्वतः दिली. दीक्षा देणारा येथे भिक्षू नव्हता, गृहस्थ होता. आणि हे वेगळेपण आकस्मिक म्हणता येणार नाही. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे की, संघात प्रवेश करणाऱ्यासाठी दीक्षा होती, परंतु केवळ धम्मात येऊ इच्छिणाऱ्या उपासकासाठी स्वतंत्र दीक्षा नव्हती; ही उणीव भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाच्या कारणांपैकी एक होय. पालीत भिक्षूच्या प्रवेशविधींना ‘पब्बज्जा’ व ‘उपसंपदा’ अशी नावे आहेत; उपासक केवळ त्रिशरण व पंचशील ग्रहण करी. ती उणीव भरून काढणाऱ्या ‘धम्मदीक्षा’ या समासात पूर्वपद पाली आहे. उत्तरपद मात्र सोमयागाच्या मंडपातून आलेले.