आरंभीच्या वैयक्तिक संगणकावरील सेटिंगच्या नोंदी आणि मराठी मजकुराचे भवितव्य

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्राचा वेग, स्मरणक्षमता आणि किंमत यांचा विचार प्रामुख्याने झालेला दिसतो. वापरणाऱ्याने एकदा केलेली निवड संगणकाने नेमकी कोठे लिहून ठेवली, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला गेला. मराठी मजकुराच्या दृष्टीने तो दुय्यम नाही. 1990 च्या दशकात संगणकावर जुळविलेला मराठी मजकूर आज उघडला असता अनेकदा निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

विषय विवेचन :
ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत यंत्राची माहिती मदरबोर्डवरील लहान खटक्यांच्या दोन संचांत असे. प्रत्येक संचात 8 खटके. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा कोणत्या प्रकारचा, हे खटके वरखाली करून सांगावे लागे. 1984 च्या पीसी-एटीमध्ये ही माहिती बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या सीमॉस स्मृतीत गेली. त्या चिपमध्ये एकूण 64 बाइट होते; घड्याळासाठीचे 14 वगळता उरलेल्या 50 बाइटांत यंत्राची सर्व ओळख सामावत असे. बॅटरी संपली की संगणक स्वतःची हार्डडिस्कही विसरे.

प्रोग्रॅमची स्वतःची सेटिंग ही याहून निराळी बाब होय. वर्डस्टारच्या आरंभीच्या आवृत्त्यांत इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम प्रिंटर व पडदा यांची निवड थेट वर्डस्टारच्या मूळ फाइलमध्येच कोरून टाकी. सेटिंग आणि प्रोग्रॅम यांत भेदच नव्हता. 1983 च्या एमएस-डॉस 2.0 ने कॉन्फिग.सिस ही साध्या मजकुराची फाइल आणली. डीबेस थ्रीने कॉन्फिग.डीबी या नावाची आपली वेगळी फाइल ठेवली. या फाइली कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येत व दुरुस्त करता येत. ही सोय पुढे तितकीशी राहिली नाही.

याच सुमारास पुण्यात 1988 मध्ये सीडॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले जिस्टचे काम तेथे पुढे गेले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजी प्रोग्रॅमांत देवनागरी अक्षरे दिसू लागली. या व्यवस्थेमागील इस्की संकेतावली 1991 मध्ये भारतीय मानक ठरली. तिच्यात एक मार्मिक तरतूद आहे. लिपी किंवा अक्षराचे रूप बदलावयाचे असल्यास त्याची खूण मजकुरातच लिहिता येते. म्हणजे वाचण्यासाठी लागणारी सेटिंग मजकुराबरोबर प्रवास करू शकत होती.

विंडोजच्या काळात चित्र पालटले. विंडोज 3.1 मध्ये (1992) प्रत्येक फाँटची एक ओळ विन.आयएनआय या फाइलीत लिहिली जाई. प्रोग्रॅमही आपापल्या ओळी तेथेच भरत आणि प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्या मागे उरत. फाइलीला 64 किलोबाइटची मर्यादा होती. विंडोज 95 ने सिस्टिम.डॅट आणि युजर.डॅट या दोन फाइलींची रजिस्ट्री पुढे केली. तिच्यामुळे यंत्राची व वापरणाऱ्याची सेटिंग वेगळी झाली, हा लाभ खराच. परंतु साध्या एडिटरने ती वाचता येईना.

पेजमेकरसारख्या प्रोग्रॅमांना इस्कीचे ज्ञान नव्हते. त्यामुळे डीटीपीच्या व्यवसायात फाँटवर आधारलेले मराठी रूढ झाले. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम ही त्यातील परिचित नावे. प्रत्येकाने मात्रा, जोडाक्षरे व अर्धी अक्षरे आपल्या मर्जीने वेगवेगळ्या क्रमांकांवर बसविली. फाइलीत केवळ क्रमांक राहिले. कोणता क्रमांक कोणते अक्षर, हे ज्या यंत्रावर तो फाँट होता तेथेच कळे. वर्डच्या फाइलीत फाँटचे नाव तरी असे; साध्या मजकुराच्या फाइलीत तेही नसे. टंकलेखन यंत्राप्रमाणे की इनस्क्रिप्टप्रमाणे, ही कळफलकाची निवडसुद्धा ऑपरेटरच्या यंत्रावरच राही. शोधपत्रिकांच्या सूचनांत लेखाच्या विषयाआधी फाँटचे नाव येऊ लागले, ते यामुळेच.

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी याचा अर्थ अधिक तीव्र होतो. मोठ्या शहरातील संस्था जुने सॉफ्टवेअर व त्याचे कुलूप, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे लावावयाचे डोंगल, सांभाळू शकते. लहान गावी संगणक भंगारात गेला की त्यावरील सेटिंगही जाते. स्मरणिका, सभांचे वृत्तान्त, निवडणुकीची पत्रके अशी स्थानिक इतिहासाची साधने फ्लॉपीवर सुरक्षित असली तरी वाचनाची किल्ली दुसरीकडे राहिलेली असते. गंमत अशी की, छापील प्रत हाती असेल तर तीच किल्ली ठरते; छापील अक्षरे आणि फाइलीतील क्रमांक समोरासमोर ठेवून त्या फाँटचा तक्ता पुन्हा बांधता येतो.

1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची रचना 1988 च्या इस्कीवरून घेतली. विंडोज 2000 मध्ये मंगल फाँटसह देवनागरीची सोय आली. आता अक्षराची ओळख मजकुरातच असते आणि फाँट बदलला तरी शब्द बदलत नाही. जुन्या फाइलींसाठी परिवर्तक उपलब्ध आहेत; मात्र मजकूर मूळ कोणत्या फाँटचा, हे त्यांना आधी सांगावे लागते.