हिरवळीवरचा वाफा

महाड-पोलादपूरकडे काही नव्या घरांपुढे आता लॉन दिसू लागले आहे. पूर्वी आपल्याकडे गवत म्हणजे गुरांची वैरण किंवा छपराचे शाकार. कापून फेकून देण्यासाठी गवत वाढवायचे हे जुन्या माणसांना पटले नसते. लॉनवाल्या घरातही दोन-तीन वर्षांनी भेंडी-वांग्याची आठवण होते आणि मला विचारणा होते, ‘गवत खणून काढायचे ना?’ मी सांगतो, खणू नका. गवतावर जुनी वर्तमानपत्रे भिजवून जाड पसरा (ही पुरवणीसुद्धा, अर्थात वाचून झाल्यावर). त्यावर शेणखत, पालापाचोळा आणि वर वीतभर माती. उजेड तुटला की गवत खालीच कुजते आणि त्याचेच खत होते.

सिडनीच्या एस्थर डीन्स या बाईंनी १९७०च्या दशकात ही रीत लोकप्रिय केली, म्हणून ती परदेशी वाटते. पण थरावर थर रचून रोपांची जागा करणे कोकणाला नवे नाही. भाताच्या रोपांसाठी आपला शेतकरी उन्हाळ्यात जमिनीवर शेण पसरी, त्यावर झाडांची कवळे, त्यावर पाचोळा आणि गवत, आणि शेवटी बारीक मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट बाजूने ते पेटवीत, म्हणजे भडका न उडता आच हळूहळू सरके. हाच राब. तणाचे बी जळे, राख मिळे आणि रोप जोमदार येई. आपण आज थर कुजवतो, तो जाळत असे, एवढाच फरक.

या पाल्यावरून एके काळी मोठा वाद पेटला. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली आणि कवळतोडीवर बंधने आली. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. (‘रायगड’ हे नाव १९८१चे.) ठाणे आणि कुलाब्यातून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब हा त्यातला कळीचा प्रश्न. अधिकाऱ्यांना बोडकी झाडे दिसत, शेतकऱ्याला न उगवलेले रोप दिसे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही, आणि सारा मात्र भरायचाच. मला दोघांचेही म्हणणे खोटे वाटत नाही. पण उपासाची पाळी एकाच बाजूवर येणार होती.

राबाला अडाणीपणा म्हणून सगळ्यांनीच झटकून टाकले नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, माती तापण्यातही आहे, हे त्यातून पुढे आले. तरीही शेण आणि पाला जाळणे महागच पडते. म्हणून पुढे कृषी खात्याने आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने गादीवाफ्यावर रोपे करायला सांगितले. आपल्याच जिल्ह्यात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे तर आणखी पुढे गेले. त्यांच्या ‘सगुणा’ पद्धतीत वाफे एकदाच करायचे, नांगरट नाही, चिखलणी नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवायची. तणनाशकावरचा त्यांचा भर मला परसबागेत नको वाटतो. तिथे पाचोळा पुरतो.

सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे सपाट वाफ्यात मुळे कुजतात. वाफा हात पोहोचेल इतकाच, मीटरभर रुंद ठेवावा. वाफ्यांमधल्या वाटांवरचे गवत मात्र काढू नये. तळियेची २०२१ची दरड पाहिलेल्या तालुक्यात गवताने डोंगर थांबतो असे कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या सरीला वाहून जाणारी वरची माती ते नक्की धरते. वैशाखात रचलेला वाफा मृगापर्यंत बराच बसतो, तेव्हा उंची सुरुवातीला चार बोटे जास्तच धरावी.