उबेचे मोजमाप

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८२० च्या सुमारास हिवाळ्याची बेगमी म्हणजे मुख्यतः सरपणाची बेगमी असे. सरपण ‘कॉर्ड’ या मापाने विकले जाई. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच रचलेली लाकडांची रास म्हणजे एक कॉर्ड, घनफळाने १२८ घनफूट. विकणारा रास दाखवी आणि घेणारा दाम मोजी. परंतु त्या राशीत ऊब किती साठलेली आहे, हे दोघांपैकी एकासही ठाऊक नसे. हिकरीचे लाकूड चांगले आणि पाइनचे हलके, एवढे अनुभवाने सर्वांना कळत होते. हिकरी किती पटीने चांगले आणि त्यासाठी किती अधिक दाम देणे परवडेल, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. अशातच शहरात एक नवी वस्तू येऊ लागली. लीहाय नदीच्या खोऱ्यातील अँथ्रासाइट जातीचा कठीण, चकचकीत दगडी कोळसा १८२० साली नदीमार्गे फिलाडेल्फियास आला. त्या वर्षीची आवक अवघी ३६५ टनांची होती. हा कोळसा लवकर पेटत नसे, आणि नेहमीच्या चुलीत तर तो धड जळतही नसे. मग तो घ्यावा की लाकूडच घ्यावे? ज्या घरात मिळकतीचा मोठा वाटा हिवाळ्यात जळणावर खर्च होई, त्या घरापुढचा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता.

महाराष्ट्रात चूल पेटते ती अन्नासाठी; ऊब हा तिचा आनुषंगिक लाभ. काश्मीर किंवा हिमाचलातील माणसाला मात्र बुखारी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. खोलीत ठेवलेली लोखंडी शेगडी आणि तिच्यातून निघून छपराबाहेर जाणारी धुराची नळी, असे तिचे साधे रूप असते. थंड देशांत घर राहण्याजोगे करण्याचे काम अशाच शेगड्यांकडे होते. त्यांच्या आधी भिंतीतल्या उघड्या अग्निकुंडाचे राज्य होते. त्याची ज्वाला डोळ्यांना सुखवी, पुढ्यात बसणाराचे गुडघे भाजत आणि पाठ गारठत राही; कारण बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशात निघून जाई. बेंजामिन फ्रँकलिनने या अपव्ययावर उपाय म्हणून लोखंडी अग्निकुंड बनविले आणि १७४४ साली त्याची माहिती देणारी पुस्तिका छापली. पूर्वीच्या एक चतुर्थांश लाकडात आपली खोली दुप्पट उबदार होते, असे त्याने तीत म्हटले आहे. फ्रँकलिन हा खोटे बोलणारा माणूस नव्हे. तरीसुद्धा ‘दुप्पट उबदार’ म्हणजे नेमके काय, हे त्या पुस्तिकेवरून कळत नाही. शेगड्या विकणारे पुढे पिढ्यान् पिढ्या याच भाषेत बोलत राहिले.

अडचण मुळाशी होती. ऊब मोजावयाची तर तापमापक हाती घ्यावा, असे कोणालाही वाटेल. परंतु तापमापक सांगतो ते उष्णतामान. उष्णतेचा साठा तो सांगत नाही. चमचाभर उकळते पाणी आणि बादलीभर उकळते पाणी यांचे उष्णतामान एकच असते, पण स्नान बादलीनेच होते. हा भेद ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक याने १७६० नंतरच्या काही वर्षांत स्पष्ट केला. त्याचा आधार घेऊन लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिस येथे बर्फाचा उष्मामापी तयार केला. पदार्थ मधल्या पात्रात ठेवावयाचा, त्याच्याभोवती बर्फ भरावयाचा आणि वितळून आलेले पाणी तोलावयाचे. जितके पाणी अधिक तितकी उष्णता अधिक. त्यांतली खरी युक्ती आणखी एका आवरणात होती. आतल्या बर्फाभोवती बर्फाचाच दुसरा थर होता. बाहेरच्या हवेची ऊब त्या थरातच अडे आणि आतला हिशेब बिघडत नसे. ही दुहेरी भिंत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लाव्हाझिएचा १७९४ साली गिलोटिनखाली अंत झाला. त्याच्या विधवेने पुढे ज्याच्याशी विवाह केला तो काउंट रमफर्ड हाही उष्णतेचाच उपासक. (तो विवाह फार काळ टिकला नाही, हा भाग वेगळा.) मूळचा मॅसॅच्युसेट्समधील बेंजामिन थॉम्सन, स्वातंत्र्ययुद्धात त्याने इंग्रजांची बाजू घेतली आणि पुढे बव्हेरियाच्या दरबारी तो काउंट झाला. म्युनिक येथील स्वयंपाकघरांत ठरावीक वजनाच्या लाकडावर किती पाणी उकळते, हे पाहून त्याने चुलींची तुलना केली. चुलीची परीक्षा पाण्यावर घेण्याची ही रीत आजही चालू आहे. भारतात सुधारलेल्या चुलींसाठी ठरलेली मानकेही तीच वाट धरतात. परंतु खोली तापविणाऱ्या शेगडीवर पातेले ठेवून तिची परीक्षा होत नाही. तिचे काम पाणी उकळण्याचे नव्हे. तिची ऊब चहूकडे पसरते आणि भिंतींतून, दारांतून, फटींतून निसटत राहते. ती तोलावी कशी?

हे कोडे सोडविले ते फिलाडेल्फियाच्याच मार्कस बुल याने. ७ एप्रिल १८२६ रोजी त्याचा निबंध तेथील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे वाचण्यात आला आणि १८२७ साली तो प्रसिद्ध झाला. बुलने एका खोलीच्या आत दुसरी खोली बांधली. लाव्हाझिएच्या यंत्रातील दुहेरी भिंतच येथे खोलीच्या आकाराची झाली, असे म्हणावयास हरकत नाही. आतल्या खोलीत पातळ पत्र्याची एक लहान शेगडी ठेवली. आतली खोली बाहेरच्या खोलीपेक्षा सतत फॅरनहाइटच्या १० अंशांनी उबदार राहिली पाहिजे, असा त्याने नेम केला. हा फरक कायम राखला म्हणजे आतल्या खोलीतून उष्णता एकाच गतीने निसटत राहते. मग उष्णता मोजण्याचे वेगळे यंत्र नको, घड्याळ पुरे. एक पौंड जळण हा दहा अंशांचा फरक जितका वेळ टिकवून धरील, तितकी त्याची किंमत. न मोजता येणारी वस्तू त्याने तास-मिनिटांत आणून बसविली. विज्ञानाच्या इतिहासात याहून गाजलेले प्रयोग पुष्कळ आहेत. इतके सरळ थोडेच असतील.

तरीही एक छिद्र उरतच होते. नळीवाटे धुराबरोबर जी उष्णता बाहेर जाईल तिचे काय? बुलने दोन इंच व्यासाची नळी खोलीतच वळसे देत ४२ फूट लांब नेली. एवढा प्रवास करून धूर बाहेर पडेपर्यंत तो खोलीइतकाच थंड झालेला असे. जळणात होते ते सारे खोलीला मिळाले, असे आता म्हणता येत होते.

या खोलीने दिलेली उत्तरे बाजाराच्या समजुतीला धक्का देणारी होती. हिकरीचे सुके लाकूड एक पौंड जाळले तर ऊब ६ तास ४० मिनिटे टिके. पाइन आणि ओकही पौंडाला पौंड या मानाने त्याच्या जवळपासच येत. लाकडालाकडांतील फरक उष्णतेचा नसून मुख्यतः वजनाचा होता! रास करून विकले की तो फरक उघडा पडे: हिकरीची एक कॉर्ड १०० धरली, तर पांढऱ्या ओकची ८१ आणि पांढऱ्या पाइनची अवघी ४२ ठरे. म्हणजे पाइनची रास निम्म्या दरातही महागच. लीहायचा कोळसा पौंडामागे सुमारे तेरा तास ऊब देई, लाकडाच्या जवळजवळ दुप्पट.

पुढे त्याने त्याच खोलीत शेगड्यांचीही परीक्षा घेतली, आणि निबंधाचा हाच भाग विशेष मोलाचा आहे. लांब नळीच्या त्या शेगडीला १०० गुण दिले, तर नेहमीच्या उघड्या अग्निकुंडाला पडले १०. सरपणाच्या दहा भागांपैकी नऊ भाग आकाश तापविण्यात खर्च होत होते. आखूड नळीच्या लोखंडी शेगड्या या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येत. अर्थात बेचाळीस फुटांची नळी कोणी दिवाणखान्यात लावणार नव्हते. तिच्यात काजळी धरते, आणि धुरात थोडी ऊब उरल्याशिवाय त्याला वर चढण्याचा जोरही येत नाही. बुलची शेगडी ही वापरावयाची वस्तू नव्हती. ती मोजपट्टी होती.

या श्रमाचे चीज मात्र झाले नाही. काउंट रमफर्डने १७९६ साली बोस्टनच्या अमेरिकन अकॅडमीला ५,००० डॉलर देऊन ठेवले होते. उष्णता किंवा प्रकाश यांविषयी अमेरिकेत जो लोकोपयोगी शोध लागेल त्यास त्या निधीतून पारितोषिक द्यावे, अशी त्याची इच्छा होती. घरगुती उबेच्या मोजमापाइतके रमफर्डच्या मनाजोगे काम दुसरे कोणते असणार? पण अकॅडमीच्या समितीने बुलला पारितोषिक नाकारले. १८२८ साली त्याने समितीशी झालेला पत्रव्यवहार, तिचा अहवाल आणि त्यावरील आपले उत्तर, सारे छापून लोकांपुढे मांडले. रमफर्डचा विश्वस्त निधी अकॅडमीने कसा सांभाळला यावरही त्यात टीका केली. त्या पुस्तकात रागाचा अंश आहे हे खरे, पण तो राग समजण्यासारखा आहे. निधीस तीस वर्षे होऊन गेली तरी एकही मनुष्य पारितोषिकास पात्र ठरला नव्हता. अखेर अकॅडमीने न्यायालयात जाऊन १८३२ साली देणगीच्या अटी सैल करून घेतल्या, आणि पहिले पारितोषिक दिले गेले ते १८३९ साली, रॉबर्ट हेअर यास. हेअरही फिलाडेल्फियाचाच, त्याची ऑक्सिजन-हायड्रोजनची फुंकनळी १८०१ सालची होती. ती योग्यतेची होती यात शंका नाही. पण तिने कोणाचे घर उबले नाही.

पुढील शतकात जळणातील उष्णता मोजण्याचे काम प्रयोगशाळेने आपल्याकडे घेतले. बर्थेलोने १८८१ साली पोलादी बंद पात्राचा उष्मामापी सिद्ध केला. त्यात चिमूटभर नमुना ऑक्सिजनमध्ये जाळून अचूक आकडा मिळू लागला. शेगडीची परीक्षा मात्र मागे पडली, कारण खनिज तेल व वायू स्वस्त झाले आणि लाकडाची शेगडीच अडगळीत गेली. १९७३ च्या तेलसंकटाने ती परत आणली. १९८० नंतर अमेरिकेच्या वायव्य भागात, लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील भुसा दाबून केलेल्या बोटभर कांड्या जाळणारी घरगुती शेगडी निघाली. या कांड्यांना ‘पेलेट’ म्हणतात. वरच्या डब्यातून मळसूत्री दांडा त्या थोड्याथोड्या आगीत सोडतो आणि पंखा गरम हवा खोलीत ढकलतो.

पेलेट तोलून पिशवीत विकतात, राशीने नव्हे. त्यामुळे बुलची अर्धी अडचण मुळातच मिटली. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा शेकडा दहाच्या आत असतो, आणि एका किलोतून निदान ४.६ किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलातील ४.६ युनिटे, उष्णता निघावी असे मानक आहे. तासाला दीड किलो जाळणाऱ्या शेगडीत ६.९ युनिटे पडतात. त्यांपैकी खोलीत किती येतात, हा प्रश्न पुन्हा उरतोच. काही जण पंख्याच्या तोंडाशी तापमापक धरून समाधान मानतात. पण तो केवळ उष्णतामान सांगतो. हवा किती वाहते ते ठाऊक नसेल, तर त्या आकड्यास अर्थ नाही, आणि शेगडीच्या पत्र्यातून व काचेतून पसरणारी ऊब त्यात येतच नाही. म्हणून परीक्षागृहे आता उलटीकडून मोजतात. नळीतील धूर किती तापलेला आहे, त्यात ऑक्सिजन आणि न जळलेला वायू किती आहे, हे पाहून बाहेर गेलेली उष्णता काढतात आणि ती एकंदरीतून वजा करतात. बुलने जो तोटा नळी लांबवून शून्यावर आणला होता, तोच येथे मोजला जातो. युरोपात २००६ साली पेलेटच्या शेगड्यांसाठी स्वतंत्र मानकही निघाले.

एवढे होऊनही दोन देशांतील आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते. लाकूड जळताना पाण्याची वाफ होते आणि ती आपल्यात दडलेली उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. युरोपातील हिशेबात ही उष्णता जळणाच्या खात्यावर धरीतच नाहीत. अमेरिकेतील हिशेबात धरतात. त्यामुळे युरोपातील कागदावर शेकडा ८५ गुण मिळविणारी पेलेटची शेगडी अमेरिकेतील कागदावर अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीपर्यंत उतरते. शेगडी तीच, पेलेट तेच आणि खोलीला मिळणारी ऊबही तितकीच.