भाऊबीजेची पावती

देणग्या मिळवायच्या कशा, हे विचारायला संस्थांचे कार्यकर्ते माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी त्यांना पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमाची वाटचाल सांगतो. कॉर्पस, सीएसआर, ८०-जी हे सगळं त्यानंतर.

१८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तेव्हा विधवांसाठी पैसे मागणं म्हणजे बोलणी खाणं होतं. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलेलं, त्यामुळे त्यांच्या मुरुड गावच्या लोकांचा बहिष्कार आधीच अंगावर. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचं. पण दुसऱ्यापुढे हात पसरण्याआधी त्यांनी आपली विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. १९०० मध्ये रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिथे गेला.

माझ्या लेखी या कामातल्या खऱ्या गुरू मात्र पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या मेहुणी, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी एक लहान मुलगा. आश्रमात येऊन मोठ्या वयात लिहा-वाचायला शिकल्या आणि वर्गणीसाठी बाहेर पडल्या. केशवपन केलेली बाई दारात उभी राहून विधवांच्या शिक्षणाविषयी बोलते आहे, हे ऐकणाऱ्याला वेगळं पटवून काय द्यायचं? १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी तिथे दिवस काढले आणि आश्रमासाठी मदतही मागितली. संस्थेच्या कामासाठी दुसऱ्याची भांडी घासणारी ही बाई आठवली की माझ्याकडचे सगळे तक्ते मला फिके वाटतात.

१९१६ मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपयांचं व्याज, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव. मोठी देणगी अटी घेऊन येते. त्या अटी वाचाव्यात आणि मान्य असतील तरच ती घ्यावी.

हिंगण्याच्या संस्थेने मात्र थोरामोठ्यांच्या बरोबरीने लहान देणगीदारही धरून ठेवला. दिवाळी आली की भाऊबीज निधीचे स्वयंसेवक पावतीपुस्तकं घेऊन घरोघरी जातात. ओवाळणी मागण्याचा दिवस तोच, मागणारी बहीण तेवढी अनोळखी. योजना आखणाऱ्याला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठे सापडणार?

आमच्या गल्लीत येणाऱ्या बाई पैसे हातात घेण्याआधी गेल्या वर्षीची स्थळप्रत काढतात, नाव बरोबर आहे ना विचारतात आणि मग नवी पावती लिहायला घेतात. रक्कम आधी अक्षरी, मग आकड्यात.